सात रस्त्यावरची खोली आणि टेंभुर्णीचं जेवण

आमच्या घरात ‘इंजिनेर’ म्हणजे ट्रकखाली उताणा झोपून इंजिनाशी झगडणारा माणूस. अब्बांचा स्वतःचा ट्रक होता. तो बिघडला की ते ओट्यावरून कोणाला तरी हाक मारायचे, "इंजिनेर को बुलाव रे." मग तेलकट कपड्यातला कोणीतरी यायचा, कामाच्या मध्येच चहा प्यायचा, आणि त्याच्या बोटांचे काळे ठसे उमटलेला कप अम्मी राखेनं घासत बसायची. त्यामुळे अकरावीत असताना मी पहिल्यांदा घरात म्हणाले, "मेरेकू इंजिनेर होना है," तेव्हा अम्मीच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते सांगायला नको. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नक्को गे माँ. नखों का तेल निकलता नै." तिनं मला दिलेला तो करियरविषयक पहिला सल्ला.

शुक्रवार पेठेतलं आमचं घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या आणि पुढं ओटा. घराला वास असायचा तो भाजलेल्या शेंगदाण्यांचा, कारण अम्मीची शेंगाचटणी आख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होती आणि आठवड्यातून एकदा तरी उखळ बाहेर निघायचंच. मागच्या भिंतीला लागून एका तेलुगू विणकर कुटुंबाचे माग होते. दिवसभर त्यांची खटक-खटक भिंतीतून आमच्याकडे यायची, मांडणीवरच्या बश्या बारीक थरथरत राहायच्या. पाहुणे विचारायचे, या आवाजात पोरगी अभ्यास कशी करते? माझं उलटं असायचं. माग बंद पडले की माझं गणित अडायचं. आज मी विजापूर रस्त्याच्या बाजूला एका शांत इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि काही वाचायला बसले की थंडीच्या दिवसांतही पंखा लावते, नुसत्या आवाजासाठी. सून हसते. हसू दे.

घरी आम्ही दखनी बोलायचो, कुराण शिकायला मी पेठेतल्याच एका बाईंकडे जायचे, आणि शाळा मात्र मराठी मुलींची, कारण ती जवळ होती आणि अब्बांना जवळची वस्तू नेहमीच चांगली वाटायची. त्या शाळेत माझ्या बाकावर सुनंदा बसायची. तिचे वडील रेल्वेत रुळांच्या देखभालीवर होते. भर उन्हात रूळ तापले की ते कसे ताणतात, जोडात फट का ठेवावी लागते, हे सुनंदानं मला मधल्या सुट्टीत दोन पेन्सिली समोरासमोर ठेवून दाखवलं होतं. पुढं आम्ही दोघी एकाच कनिष्ठ महाविद्यालयात, विज्ञान शाखेत गेलो. गणितात आम्हा दोघींना चांगले गुण पडायचे, पण त्या गुणांचं पुढं करायचं काय, हे दोघींच्याही घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मुलगी हुशार असली तर मास्तरीण होईल, फार हुशार असली तर डॉक्टरीण. इंजिनियर हा शब्द मी पेपरात वाचला होता. तो ट्रकखालच्या माणसापेक्षा वेगळा असावा एवढंच मला कळलं होतं.

एक दिवस सुनंदा म्हणाली, "नसीम, तू येतीस का माझ्याबरोबर? सात रस्त्याला एक खोली हाय. आमच्या विहारात एकजण सांगत होते. तितं कॉलेजांची सगळी माहिती मिळती, फुकट."

"कुणाची खोली?"

"कुणाची का असंना. बघून तर येऊ की."

ती खोली येमूल सरांची. सर एका तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते. सात रस्त्याच्या चौकातून थोडं आत त्यांच्या भावाचं सायकलचं दुकान होतं, त्याच्या वरची खोली त्यांनी मागून घेतली होती. लोखंडी जिना चढून गेलं की आधी रबराचा वास, मग जुन्या कागदांचा. भिंतीला महाराष्ट्राचा मोठा नकाशा, त्यात जिथंजिथं इंजिनियरिंग कॉलेज आणि पॉलिटेक्निक होतं तिथं टाचण्या टोचलेल्या. पदवीला लाल, पदविकेला निळी. फळ्यांवर त्या त्या ठिकाणची माहितीपत्रकं, जुन्या विद्यार्थ्यांनी परत आणून दिलेली पुस्तकं, आणि मधल्या टेबलावर एक उभा चिरलेला गिअरबॉक्स. त्याची दांडी फिरवली की कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं ते दिसायचं. तो गिअरबॉक्स पाहून मी पहिल्या दिवशी तासभर जागची हलले नाही. अब्बांच्या ट्रकमध्ये लहानपणापासून बसत आले होते, पण अब्बा गिअर टाकतात तेव्हा आत काय होतं हे मी तिथं पाहिलं.

सर सगळ्या मुलींना तेलुगू रीतीनं ‘अम्मा’ म्हणायचे. "ये अम्मा, बस. कोणती शाखा हवी ते विचारू नको. आधी हे विचार, की त्या शाखेचा माणूस सकाळी उठून करतो काय." दर रविवारी ते कुठूनतरी एखाद्या इंजिनियरला धरून आणायचे. वीज मंडळातला, गिरणीतला, साखर कारखान्यातला, पुलाच्या कामावरचा. पाहुण्यानं थोडं बोलायचं आणि आम्ही पुष्कळ विचारायचं, असा तिथला रिवाज. एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांचा निम्मा दिवस माणसांची भांडणं मिटवण्यात जातो. दुसरे म्हणाले, मला ही शाखा कधीच आवडली नाही, मामांनी घ्यायला लावली. असं उघड बोलणारी मोठी माणसं आम्ही तोवर पाहिली नव्हती. सर मागं बसून मान डोलवत. खुद्द त्यांना तरुणपणी ड्रॉइंगपलीकडे काही असतं हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत, पण सांगत मात्र असत.

आता माझ्याकडे नातेवाइकांची, शेजाऱ्यांची मुलं येतात. त्यांच्या हातातल्या फोनमध्ये देशातल्या प्रत्येक कॉलेजची माहिती असते. मी विचारते, ही शाखा घेऊन पुढं दिवसभर काय करशील? मग ती आईकडे बघतात. आई माझ्याकडे बघते. येमूल सर असते तर खूश झाले असते, अजून काम शिल्लक आहे म्हणून.

बारावीचं वर्ष सुरू झालं आणि घरात वेगळीच हालचाल सुरू झाली. अब्बांची मोठी बहीण, माझी फुफी, टेंभुर्णीला असायची. तिथं त्यांचं टायरचं दुकान होतं, आणि मोठा मुलगा रशीद ते सांभाळायचा. फुफीनं लहानपणीच मला त्याच्यासाठी मनात धरलं होतं. रशीद वाईट मुलगा नव्हता, हे मला इथं लिहायलाच हवं. शांत, कामसू, नजर खाली ठेवून बोलणारा. त्याला नकार द्यायला माझ्याजवळ कुठलंच कारण नव्हतं, एवढंच की मला त्या चिरलेल्या गिअरबॉक्ससारखं आणखी काय काय आत उघडून बघायचं होतं. पण हे कारण घरात कोणाला सांगणार? फुफीनं आईविना वाढलेल्या अब्बांना सांभाळलं होतं. तिचा शब्द अब्बांनी कधी मोडला नव्हता, आणि अम्मी तर तिच्यासमोर डोक्यावरचा पदरही ढळू द्यायची नाही.

अशात सरांनी जाहीर केलं की भीमेवरचं धरण बघायला जायचं. तिथं एक बाई इंजिनियर आहेत, त्या आतून दाखवणार आहेत. जायची सोय मात्र होत नव्हती. मी भीतभीत घरी विषय काढला. अब्बा थोडा वेळ ओट्यावर विडी ओढत बसले आणि मग म्हणाले, "उस दिन गाडी खाली है. मैं ले जातूं सब बच्चों को. रास्ते में टेंभुर्णी है. आते वखत आपा के घर खाना खाएंगे, और तेरी बात भी पक्की कर लेंगे." अब्बांचा जन्म ट्रकवर गेलेला. रिकामी फेरी त्यांना कधी बघवायची नाही. एका फेरीत त्यांनी माझं धरणही बसवलं आणि माझं लग्नही. बात पक्की करायची म्हणजे अम्मी हवीच, म्हणून तीही निघाली.

तो रविवार मला अजून स्पष्ट दिसतो. ट्रकच्या हौद्यात सतरंजी अंथरलेली, आम्ही पोरंपोरी दाटीवाटीनं बसलेलो, सर मध्ये दोर धरून उभे, केबिनमध्ये अब्बांशेजारी बुरख्यात अम्मी. सुनंदाला मी सगळं सांगितलं होतं. मोहोळ मागं पडेपर्यंत ती रस्त्याकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "तू तुझ्या आईला बोललीस?"

"काय बोलू?"

"मला न्हाय करायचं म्हणून."

"फुफीसमोर अम्मी बोलत नाही, सुनंदा."

"मग आता लई अवघड हाय," ती म्हणाली आणि तिच्या डब्यातली धपाटी काढून निम्मी माझ्या हातात दिली.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. त्या बाई इंजिनियर, पाटणकरबाई, आम्हाला घ्यायला आल्या, साध्या सुती साडीत, पायात कापडी बूट. मी साडीवर बूट घातलेली बाई पहिल्यांदाच पाहत होते. अब्बा गाडीपाशी थांबले. अम्मीही केबिनमध्येच बसणार होती, पण बाई तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पण चला की. इथं उन्हात बसून काय करणार? आत गार आहे." अम्मीनं अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी मान हलवली, आणि अम्मी उतरली.

धरणाच्या भिंतीच्या पोटात एक लांबच लांब बोगदा असतो, माणूस उभा चालू शकेल एवढा. पायऱ्या उतरत गेलो तसतसं ऊन मागं राहिलं, अंगावर काटा येईल असा गारवा आला. ओली भिंत, मिणमिणते दिवे, कडेनं वाहणारी बारीक नाली. भिंतीच्या पलीकडे सगळा जलाशय उभा आहे हे कळल्यावर अम्मीनं माझा खांदा घट्ट धरला आणि पुटपुटत दुवा म्हणायला लागली. बाई चालता चालता सांगत होत्या, की कुठलंही धरण थोडं झिरपतंच. ते पाणी या नालीत येतं, पुढं एका खाचेतून जातं, आणि आम्ही ते रोज मोजतो. पाणी अचानक वाढलं की समजायचं, काहीतरी बिघडतंय.

मी विचारलं, "आणि बाई, अचानक कमी झालं तर?"

बाई पुढं गेल्या होत्या. त्या थांबल्या, वळल्या, मुलांमधून वाट काढत माझ्यापर्यंत परत आल्या. "थांबा रे सगळे," त्या म्हणाल्या. "हिनं काय विचारलं ऐका. पाणी कमी झालं तर सगळ्यांना वाटतं, बरं झालं. पण झिरपणाऱ्या पाण्याची वाटच तुंबली असेल तर ते आत साठतं, आणि धरणाला खालून वर उचलायला बघतं. म्हणून कमी झालं तरी मी तितकीच घाबरते." मग मला म्हणाल्या, "नाव काय तुझं?" मी नाव सांगितलं. माझा आवाज त्या बोगद्यात लांबवर गेला.

वर येताना अम्मी बाईंच्या बरोबरीनं चालत होती. आपल्या मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "बाई, घरी सैपाक कोन करतंय?"

"सकाळी मी. संध्याकाळी ज्याला आधी भूक लागेल तो. आमचे हे पिठलं करतात, थोडं करपतं."

अम्मी बुरख्याआड हसली. जरा वेळानं म्हणाली, "आन् इतकी मानसं, तुमचं ऐकतेत?"

"आधी नाही ऐकायची," बाई म्हणाल्या. "एकदा नालीत गढूळ पाणी दिसलं. मी सांगितलं, तर हसण्यावारी नेलं. मग मी साहेब येईपर्यंत खाली पायरीवर बसून राहिले. आता ऐकतात. सगळे नाही, पण बरेच."

टेंभुर्णीला फुफीनं आम्हा सगळ्यांसाठी डाळ-मटणाचा दालचा आणि भात केला होता, वर मटणाचा खिमाही. मोठ्या अंगणात जमिनीवर जेवणाचं दस्तरखान पसरलं होतं. सुनंदाच्या ताटात ती स्वतः वाढत होती, "खा बेटी, शरमाव नक्को." सरांची ती पुनःपुन्हा चौकशी करत होती. रशीद पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होता. फुफी उदार बाई होती, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त अवघड झालं. मुलांची जेवणं होत आली, तशी ती अम्मीजवळ येऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला म्हणाली (भावजयीला ती अजून दुल्हनच म्हणायची), "तो दुल्हन, ईद के बाद का दिन धर लेंगे ना?"

अब्बांनी मान डोलवली.  आणि अम्मी म्हणाली, "आपा, अभी नक्को."

 फुफीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "क्या बोली?"

अम्मीचा पदर डोक्यावरच होता आणि नजर जमिनीवर होती, पण ती बोलत राहिली. "आज नीचे उस धरन में मेरी बेटी ने एक सवाल पूछा, आपा. मेरेकू एक लफ्ज समझा नै. लेकिन वो बाई चलते चलते रुक गई. पीछे आई. सब कू बोली, इसकी बात सुनो. हमारे घर में इसकी बात सुनने कू कोई रुका नै, आपा. मैं भी नै रुकी. इसकू पढने दो. बाद में उसकूच पूछेंगे."

फुफीनं अब्बांकडे तोंड फिरवलं. "भाई, तेरे घर में बोलता कौन है?"

अब्बा ताटाकडे बघत होते. बोटांनी भाताची शितं गोळा करत होते. आपली बहीण आणि आपली बायको यांच्यामध्ये त्यांना असं बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली, पण त्या दोघींकडे न बघता माझ्याकडे. "क्या पूछी तू?"

मी खरकट्या हातानं, सगळ्यांसमोर, अब्बांना ते झिरपणारं पाणी समजावून सांगितलं. वाढलं तर काय, कमी झालं तर काय, वाट तुंबली तर धरण खालून कसं उचललं जाईल. अब्बा लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, "याने ऑइल का काँटा उप्पर गया तो भी डर, नीचे आया तो भी डर."

"हौ अब्बा. वैसाच."

त्यांनी बोटांतली शितं ताटात टाकली. मग म्हणाले, "पढने दे आपा इसकू."

फुफी उठली. तिनं आरडाओरड केली नाही, कोणाला काही बोलली नाही. मुलांच्या हातावर पाणी घालून झालं, ट्रक सुरू झाला, तरी ती दारात आली नाही. दारात रशीद उभा होता. त्यानं अब्बांना सलाम केला आणि माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. पुढं त्याचं चांगल्या घरात लग्न झालं. परतीच्या वाटेवर सर केबिनमध्ये बसले आणि अम्मी आमच्याबरोबर हौद्यात. सुनंदानं तिच्यासाठी सतरंजीची घडी करून दिली. अम्मी सगळी वाट रडत होती, आणि वाऱ्यानं बुरखा उडू नये म्हणून दोन्ही हातांनी तो धरून बसली होती.

मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात स्थापत्यला प्रवेश मिळाला. वर्गात आम्ही अगदी थोड्या मुली. सुनंदा पॉलिटेक्निकला गेली आणि मग रेल्वेत, वडिलांच्याच रुळांवर, पण साहेब होऊन. मी कालव्यांच्या कामावर लागले. हे सगळं चांगलंच झालं, पण त्याची झळ अम्मीला बसली, मला नाही. फुफीनं अम्मीशी बोलणं टाकलं. ईदला ती यायची, अब्बांशी बोलायची, माझी चौकशी करायची, माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. अम्मी तिच्यासमोर शिरखुर्म्याची वाटी ठेवायची, ती खायची, आणि जाताना भिंतीला उद्देशून म्हणायची, "अच्छा, चलते हम." एकदाही भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं अम्मी एकदा मला म्हणाली. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एका रविवारी, मी सुट्टीवर घरी आलेली असताना, फुफी न कळवता दारात उभी राहिली. बरोबर तिची धाकटी मुलगी तबस्सुम, नुकतीच दहावी झालेली. फुफी अम्मीकडे न बघता मला म्हणाली, "इसकू उस कमरे में ले जा. इसके दिमाग में क्या है मेरेकू समझता नै. सुबू-शाम पढना है, पढना है."

मी तबस्सुमला घेऊन सात रस्त्याला गेले. येमूल सर थकले होते, पण जिना चढत होते. तबस्सुमनं नकाशा पाहिला, गिअरबॉक्सची दांडी फिरवली, त्या दिवशीच्या पाहुण्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी हळूच सरांना म्हणाली, "सर, मला मशीन आवडत नाही. मला दवाखान्यात काम करायचंय. नर्स." मी ओशाळले. सर मात्र खुदकन हसले. "छान झालं अम्मा. नको काय ते आजच कळलं," असं म्हणून त्यांनी नर्सिंगचं शिक्षण कुठं मिळतं, चौकशी कुठं करायची, ते सगळं तिला समजावून सांगितलं. पुढं तिनं तेच केलं.

परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच घरातले आवाज ऐकू येत होते. माग चालू होते, तरी त्यांच्या खटखटीच्या वर. फुफी आणि अम्मी, दोघी एकाच वेळी, घसा फोडून. टेंभुर्णीचं ते अंगण, ईदनंतरचा ठरायचा राहिलेला दिवस, पोरांसमोर झालेली शोभा, एक शब्दही न बोलता खाल्लेल्या शिरखुर्म्याच्या साऱ्या वाट्या, सगळं बाहेर येत होतं. अम्मीचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तबस्सुम घाबरून दारातच थबकली. "दीदी, अंदर चलके छुडाना क्या?"

"नक्को," मी म्हणाले. तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं, मीही शेजारी बसले, आणि आतलं भांडण संपेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही.